जकातनाका आणि तार

गावाच्या वेशीवरचा जकातनाका आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मालमोटार थांबावयाची, कारकुनाने बिल्टी पाहावयाची, पोत्यात सळई खुपसून आत काय आहे याची खात्री करावयाची आणि मग पावती फाडावयाची. ह्या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधे गृहीत होते. माल डोळ्यांना दिसतो, त्याला वजन असते आणि तो रस्त्याने येतो. महाराष्ट्रातले ते नाके आता उठले. मुंबईची जकातही २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. परंतु जो माल दिसत नाही, ज्यास वजन नाही आणि जो रस्त्याने येतच नाही, त्यास अडवावयाचे कोठे, आणि मुळात अडवावे काय, हा प्रश्न काही नाक्यांबरोबर गेला नाही. संगणकास कामे सांगणारी आज्ञावली, बँकेतला हिशेब, एखाद्या आजाऱ्याची माहिती, हा सारा माल आज तारेने आणि आकाशमार्गाने देशाच्या सीमा ओलांडतो. त्याच्या वाटेवर आपल्या देशाने जे अडसर घातले आणि काढले, त्यांचा इतिहास आज आम्हांस सांगावयाचा आहे.

हा इतिहास सांगताना दोन सोप्या वाटा असतात. एक म्हणजे परवाने देणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवावयाचे. दुसरी म्हणजे प्रत्येक बंदीत देशभक्ती पाहावयाची. आम्हांस दोन्ही पटत नाहीत. बहुतेक अडसर कोणत्या तरी खऱ्या भीतीपोटी घातले गेले होते. कारकुनाच्या पोटाची भीती होती, परकीय चलनाची चणचण होती, परक्याच्या हाती सूत्रे जाण्याचा धाक होता. प्रश्न असा की, अडसरामुळे ताटकळला कोण, आणि ताटकळून त्याच्या पदरात काय पडले?

आरंभ पंचावन्न-साठ सालापासून करू. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला संगणक त्या सुमारास सुरू झाला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर आपल्याच लोकांनी ‘टिफ्रॅक’ नावाचे यंत्र १९६० साली उभे केले. म्हणजे विद्या नव्हती असे नाही. परंतु बाजारात नांदत होती ती आय. बी. एम. ही अमेरिकन कंपनी. तिचा रिवाज यंत्र विकण्यापेक्षा भाड्याने देण्याचा. बाहेर वापरून झालेली जुन्या पिढीची यंत्रे आणावी, येथे डागडुजी करावी आणि भाड्याने लावावी, अशा ह्या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीनेही कडक टीका केली. शिळे अन्न ताज्याच्या भावाने वाढले जात असेल, तर जेवणाऱ्याने कुरकुर करू नये काय?

त्याच काळात दुसऱ्या बाजूने कामगारांचा विरोध उभा राहिला. आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणक कचेरीत येऊ नये म्हणून मोठा लढा दिला. सरकारने १९६९ साली स्वयंचलनाचा विचार करण्यास समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर. यंत्र सरसकट नको असे समितीचे म्हणणे नव्हते. कोठे आणावे हे पारखून ठरवावे, असा तिचा रोख होता. पारखणे मात्र आपल्याकडे लांबते. बँकांत यंत्रे आली ती ऐंशीच्या दशकात, कामगार संघटनांशी करार झाल्यावर. आणि आली तीही ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ ह्या लांबलचक नावाने. त्या नावात संगणक हा शब्द कोठेच नव्हता. नवऱ्याचे नाव न घेण्याची रीत आमच्या कारभारातही शिरली होती, म्हणावयाची!

आता सत्तरीच्या दशकाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तेथेच आहे. १९७० साली केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स खाते निघाले, पुढल्या वर्षी आयोग आला, आणि संगणक आणावयाचा तर त्यांच्या दारी जाणे प्राप्त झाले. अर्ज करावयाचा, यंत्र कशासाठी हे पटवावयाचे, देशी यंत्राने काम का भागत नाही ते सिद्ध करावयाचे, शिवाय जबर जकात भरावयाची. मुंबईत १९६८ साली निघालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ साली बरोज कंपनीचे यंत्र आणले. मुभा मिळाली ती, परदेशची कामे करून परकीय चलन परत मिळवून देण्याच्या अटीवर. फकिरचंद कोहली हे तिचे सूत्रधार. सरकारच्या दृष्टीने ही केवळ चलनाची वसुली होती. परंतु त्या अटीने एक अशी गोष्ट घडविली की जी अट घालणाऱ्याच्या मनातही नसेल. यंत्राचे पैसे फेडण्यासाठी आपल्या मुलांना अमेरिकन गिऱ्हाइकाचे काम शिकावे लागले, आणि जो धंदा पुढे देशाची मोठी निर्यात झाला त्याचे एक बीज त्या सक्तीत पडले.

येथे एक विसंगती लक्षात ठेवावी. नाक्यावरचा अधिकारी खोके पाहत होता. यंत्राचे खोके, सुट्या भागांचे खोके. आणि धंदा चालला होता तो माणसांच्या डोक्यात. त्या वेळचे बहुतेक निर्यातीचे काम आपले तंत्रज्ञ विमानाने परदेशी जाऊन, गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर बसून करीत. कारण उघड होते. येथे यंत्र मिळणे दुर्घट, दूरध्वनीची तार लागणे त्याहून दुर्घट. पारपत्र मिळणे त्या मानाने सोपे. खोक्यास कुलूप लावले म्हणून विद्या थांबली नाही, तिने फक्त बिऱ्हाड हलविले.

आय. बी. एम.च्या प्रकरणाविषयी बरेच गैरसमज आहेत. जॉर्ज फर्नांडिस यांनी एका फटक्यात कंपनी हाकलली, अशी गोष्ट रंगवून सांगतात. वास्तविक पायाभूत कायदा आधीचा. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांनी आपला वाटा साधारणतः चाळीस टक्क्यांवर आणावा असे ठरले होते. आय. बी. एम.चे धोरण सगळीकडे संपूर्ण मालकीचे. तिने धंद्याचे दोन भाग करून एकात भारतीय भागीदारी घेण्याची तडजोड पुढे केली, ती सरकारने मानली नाही. जनता सरकारच्या काळात, १९७७ च्या अखेरीस, कंपनीने जाण्याचे ठरविले आणि १९७८ साली ती गेली.

तिच्या जाण्याने नुकसान किती झाले आणि लाभ किती? तिच्या यंत्रांची देखभाल करण्याचे काम काँप्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ह्या सरकारी कंपनीकडे आले. एकाच कंपनीच्या पोथीवर पोसलेल्या अभियंत्यांना आता नाना कंपन्यांची यंत्रे उघडून पाहावी लागली. त्याच संस्थेने पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीत रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था उभी केली. आज कोणत्याही स्थानकाच्या खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळते त्याची मुळे तेथे आहेत. हा लाभ खरा आहे, तो नाकारू नये. परंतु याच वर्षांत शाळेस, लहान कारखान्यास, जिल्ह्याच्या छापखान्यास संगणक दिसलाही नाही. टाटांसारखी मोठी पेढी दिल्लीस माणूस ठेवून परवान्याची वाट पाहू शकते. इचलकरंजीचा यंत्रमागवाला नाही. अडसर परदेशी कंपनीसाठी घातला, आणि त्याखाली अडकून बसला तो घरचाच लहान माणूस. आमच्या मते त्या धोरणाचा खरा दोष हा आहे. परक्यास नकार दिला हा नव्हे.

१९८४ च्या नोव्हेंबरात राजीव गांधींच्या सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, जकात उतरविली, परवाने सैल केले. १९८६ साली सॉफ्टवेअरचे वेगळे धोरण आले. तरी धंदा मोकळा झाला असे म्हणता येत नाही, कारण आता अडसर खोक्यावर नसून तारेवर होता. १८८५ सालच्या तारयंत्राच्या कायद्याने तार चालविण्याचा हक्क एकट्या सरकारचा. त्या वेळी इंग्रजांना शिपायांचे बंड आठवत होते. संगणक त्यांच्या स्वप्नातही नव्हता. तोच कायदा शंभर वर्षांनी बंगळूरच्या टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या कचेरीस लागू झाला. तिने १९८५ साली तेथे काम मांडले आणि उपग्रहाच्या वाटेने अमेरिकेशी थेट जोड मिळविली. हा मोठा वळणबिंदू होय. आता माणूस विमानाने न जाता काम तेवढे जाऊ लागले. सरकारने मग हीच सोय लहानांनाही देण्यासाठी सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने काढली. १९९० साली निघालेल्या पहिल्या तिहींत बंगळूर आणि भुवनेश्वर यांच्याबरोबर आपले पुणे होते. पुण्याच्या आजच्या संगणक-व्यवसायाकडे पाहून जो तो हवेचे आणि महाविद्यालयांचे गुण गातो. उपग्रहाच्या त्या तबकडीची आठवण कोणी काढीत नाही.

इंटरनेट सर्वसामान्यांस मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेही विदेश संचार निगम ह्या एकाच सरकारी कंपनीकडून. खासगी कंपन्यांना मुभा मिळाली १९९८ साली. इंटरनेटवरून परदेशी बोलणे तर २००२ च्या एप्रिलपर्यंत बेकायदाच होते. मुलगा अमेरिकेत, आई सदाशिव पेठेत. दोघांनी संगणकावरून फुकट बोलावे तर गुन्हा, आणि मिनिटाला भरमसाट दर देऊन बोलावे तर कायदेशीर. ह्या नियमाने रक्षण झाले ते एका निगमाच्या मिळकतीचे. देशहिताशी त्याचा संबंध जोडणे आम्हांस तरी जमत नाही.

अलीकडच्या गोष्टी तुमच्या ताज्या आठवणीतल्या आहेत, म्हणून दोनच घेऊ. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आज्ञा काढली की, येथल्या देण्याघेण्याची सगळी माहिती भारतातच साठवावी. मुदत सहा महिन्यांची. परदेशी कंपन्यांनी पुष्कळ आरडाओरड केली. ज्यांनी पाळले नाही असे बँकेस वाटले, त्यांस २०२१ साली नवी कार्डे देण्यास मनाई झाली. मास्टरकार्ड त्यांत होती; तिची मनाई पुढच्या वर्षी उठली. आज्ञा कठोर खरी, पण काय करावयाचे आणि कधीपर्यंत, हे प्रत्येकास ठाऊक होते. याउलट ३ ऑगस्ट २०२३ ची अधिसूचना पाहा. लॅपटॉप आणावयास परवाना लागेल, आणि तोही लगेच! दुसऱ्याच दिवशी तिला ऑक्टोबरअखेरपर्यंत स्थगिती द्यावी लागली, आणि नोव्हेंबरात शेवटी नोंदणीची साधी पद्धत आली. हेतू काही असो, बंदरात माल अडकेल या धास्तीने ज्या व्यापाऱ्याची झोप उडाली त्यास ती रात्र कोण भरून देणार?

आमच्या श्रोत्यांत दुकानदार पुष्कळ आहेत. परदेशी भांडवलाच्या बाजारपेठांनी स्वतःचा वाटा असलेल्या कंपन्यांचा माल आपल्याच संकेतस्थळावर विकू नये, हा फेब्रुवारी २०१९ पासूनचा नियम त्यांना आवडतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तोच दुकानदार परदेशी लोणची-मसाले विकू पाहील तेव्हा दुसऱ्या देशाचा असाच नियम त्यास आडवा येईल, हेही त्याने जमेस धरावे.

राहिला जकातीचा मूळ प्रश्न. तारेने येणाऱ्या मालावर जकात घेऊ नये, असा तात्पुरता ठराव जागतिक व्यापार संघटनेने १९९८ साली जिनिव्हास केला, आणि तो पुनःपुन्हा वाढविला गेला. भारताने, दक्षिण आफ्रिकेच्या जोडीने, त्यास अनेकदा विरोध केला. २०२४ साली अबुधाबीस तो आणखी एकदा वाढला. गंमत अशी की, आज सॉफ्टवेअर विकणाऱ्या देशांत आपण पुढे आहोत आणि त्या मालावर जकात लावण्याचा हक्कही आपणांसच हवा आहे. इकडे १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली नवा दूरसंचार कायदा केला, आणि त्याच वर्षीच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने कोणत्या देशांत आपली माहिती जाऊ नये हे ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे असून, कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांस अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे.