नेटवर्कवरची डिस्क जोडली, तरी एलव्हीएमला ती दिसत का नाही?

सर्व्हरवरची जागा संपत आली म्हणून नेटवर्कवरून नवी डिस्क जोडली. लिनक्सला ती दिसते, पण एलव्हीएम तिची दखलच घेत नाही. अशा वेळी डिस्क खराब असेलच असं नाही. अनेकदा अडचण एलव्हीएमच्या नियमांत असते.

एलव्हीएम म्हणजे काय?

एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. लिनक्समधलं हे सॉफ्टवेअर अनेक डिस्कची जागा एकत्र करतं आणि त्यातून हवे तसे लहान-मोठे भाग पाडून देतं. डिस्क स्वीकारण्याआधी ते तीन गोष्टी पाहतं.

१. ही खरंच डिस्क आहे का?

एनएफएस किंवा सांबामधून मिळतं ते शेअर केलेलं फोल्डर. एलव्हीएमला ते चालत नाही, त्याला ब्लॉक डिव्हाइस लागतं. आयस्कझी, एनबीडी, एओई या पद्धतींनी जोडलेली डिस्क ब्लॉक डिव्हाइस असते. 'एलएसबीएलके' कमांडच्या यादीत ती आहे का, हे आधी तपासा.

२. प्रकार ओळखीचा आहे का?

एलव्हीएमकडे ओळखीच्या डिव्हाइस प्रकारांची यादी असते. आयस्कझीची डिस्क लिनक्सला साध्या स्कझी डिस्कसारखीच दिसते, त्यामुळे ती इथे अडत नाही. एलव्हीएमच्या जुन्या आवृत्त्यांना मात्र एओई माहीत नव्हतं. तेव्हा 'एलव्हीएम डॉट कॉन्फ' फाइलमधल्या 'टाइप्स' या ओळीत 'एओई' हे नाव आणि १६ हा पार्टिशनचा कमाल आकडा लिहावा लागे. नव्या आवृत्त्यांत ही नोंद आधीच असते.

३. परवानगी आहे का?

त्याच फाइलमधला 'फिल्टर' काही डिस्क वगळू शकतो. शिवाय रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये परवानगी असलेल्या डिस्कची वेगळी यादी असते. डिस्क त्यात नसेल, तर ती 'एलव्हीएमडिव्हाइसेस' कमांडने टाकता येते.

इतकी कडक तपासणी कशासाठी?

नेटवर्कवरची एकच डिस्क दोन सर्व्हरना दिसू शकते. दोघांनी एकाच वेळी तिच्यावर साधी फाइल सिस्टिम वापरून लिहायला सुरुवात केली, तर डेटाची वाट लागते. म्हणून फिल्टर सरसकट उघडू नका, हवी तीच डिस्क जोडा.

रीस्टार्टनंतर डिस्क गायब?

नेटवर्क सुरू होण्याआधीच लिनक्सने डिस्क शोधली, असं होऊ शकतं. 'एफएसटॅब' फाइलमध्ये त्या व्हॉल्यूमच्या ओळीत 'अंडरस्कोर नेटडेव्ह' हा पर्याय लिहिला, की लिनक्स आधी नेटवर्कची वाट पाहतं.

हे मात्र लक्षात ठेवा

'पीव्हीक्रिएट' ही कमांड नव्या, रिकाम्या डिस्कसाठी आहे. डिस्कवर आधीचा डेटा असेल, तर ती दिसत नाही म्हणून ही कमांड चालवू नका. आधी 'पीव्हीस्कॅन'ने शोधा. घाईत दिलेली एक कमांड जुना डेटा हाताबाहेर घालवू शकते.