गर्दुल्ला आणि अडीचशे मिलिग्रॅम

परवा पुलाखालचा तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. तीन पोरं, चंदेरी कागद, खाली पेटती काडी. प्रतिक्रिया ठरलेल्या : "फोडून काढा", "आत टाका". लिहिणाऱ्यांतले निम्मे माझ्या ओळखीचे, म्हणून भांडत नाही, जुनं काही सांगतो.

1893 साली ब्रिटिश पार्लमेंटात गांजा-भांगेवरून प्रश्न आला आणि चौकशीला आयोग नेमला गेला. त्याने देशभर, मुंबई इलाख्यातसुद्धा, 1,193 साक्षी घेतल्या. मला त्यातला वेड्यांच्या इस्पितळांचा भाग सगळ्यात आवडतो. रुग्णासोबत पोलिसाने भरलेला कागद यायचा, त्यात वेडाचं कारण लिहायचं असे. माणसाबद्दल काहीच ठाऊक नसलं तरी रकाना रिकामा कसा ठेवणार? लिहा गांजा. असे रकाने जमवून 'गांजाने वेड लागतं' याची आकडेवारी तयार झालेली! आयोगाने प्रकरणं पुन्हा तपासली तेव्हा बरीचशी गळाली. 1894 चा निष्कर्ष : माफक सेवनाने फारसा अपाय नाही, सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. सरकारला महसूल हवा होता, हे खरंच. पण म्हणून तपास खोटा ठरत नाही.

मग ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली. 'गर्दुल्ला' हा शब्द तेव्हाचाच. गांजा वेगळा आणि हेरॉइनची ही भुकटी वेगळी, हे मलाही मान्य. तिने घरंच्या घरं खाल्ली. 1985 मध्ये संसदेने एनडीपीएस कायदा केला. भांगेची पानं तेवढी सुटली. स्वतःपुरती 'अल्प मात्रा' सापडली तर शिक्षा कमी, पण ती स्वतःसाठीच होती हे आरोपीने सिद्ध करायचं. आणि हेरॉइनची ती मर्यादा किती? 250 मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की किमान 10 वर्षं आणि 1 लाख दंड. विकणारा असो की ओढणारा.

आमच्या चाळीतला एक मुलगा अशाच चार पुड्यांपायी गेला. खटला उभा राहीपर्यंत वर्षं गेली. सुटून आला तेव्हा दात पडलेले, आई गेलेली, आणि गर्द तशीच. आत काय मिळत नाही? आम्ही पोरं तेव्हा त्याला दगड मारायचो. मीही मारलाय.

त्याच काळात, 1986 मध्ये, पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले. व्यसनी माणूस आजारी आहे, ही गोष्ट मराठी घरांत शिरली ती तिथून. कायद्याला उशीर लागला. 2001 मध्ये हेरॉइनची अल्प मात्रा 5 ग्रॅम झाली, शिक्षा मात्रेप्रमाणे ठरू लागली. 2011 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्यातली सक्तीची फाशी नाकारली. सेवन मात्र आजही गुन्हाच : हेरॉइनसाठी वर्षभरापर्यंत कैद. पोर्तुगालने 2001 मध्येच दहा दिवसांपुरता साठा असलेल्याला कोर्टाऐवजी समितीसमोर बसवायला सुरुवात केली. विक्रेत्याला तिथेही तुरुंगच आहे.

"मग काय सुया वाटायच्या?" असं कुणीतरी विचारेलच. वाटतायत की! टोचून घेणाऱ्यांना नव्या सुया आणि जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारच्याच एड्स नियंत्रण कार्यक्रमात आहे. एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही चौघांच्या घरी जातो, म्हणून.

आणि त्याच एनडीपीएसमध्ये 64अ नावाचं कलम आहे. स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प मात्रेसाठी पकडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार पूर्ण करावे लागतात, एवढंच. आमच्या चाळीत तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. पुलाखालच्या तिघांतला एक मला ओळखू आलाय. रविवारी त्याच्या वडिलांकडे जाणार आहे, ज्याला यायचं त्याने सकाळी दहाला चौकात या. व्हिडिओ तेवढा डिलीट करा, चेहरे दिसतायत त्यात.