पुस्तकातून भेटलेले आजोबा

माळव्यातील जुन्या मराठी घरांत आजोबांची आठवण बहुधा दोनच ठिकाणी जपलेली असते : दिवाणखान्यातील तसबिरीत आणि आजीच्या बोलण्यात. तसबीर बोलत नाही, आणि आजी गेली की उरलेले सारे तसबिरीइतकेच मुके होते. होळकर संस्थानात नोकरी-चाकरीच्या निमित्ताने आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी किती जणांविषयी आज आपल्याला चार ओळींपलीकडे सांगता येईल? कुठल्या गावाहून आले, कोणत्या खात्यात होते, निवृत्त केव्हा झाले, एवढे सांगितले की आम्ही थांबतो. ते स्वभावाने कसे होते, कोणावर रागावत, कोणासाठी रात्री-अपरात्री धावून जात, देवापुढे बसल्यावर काय मागत, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. म्हणूनच ज्या एका मराठी घराने आपल्या आजोबांची आठवण तीन पिढ्या नेटाने सांभाळली, त्या घराविषयी येथे लिहावे असे आम्हांस वाटले. ते घर ख्रिस्ती होते. आजोबांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक.

इंदूरकरांना ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती मुख्यतः कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनमुळे. हे मिशन १८७७ साली इंदुरात आले आणि १८८७ साली येथे ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. पुढे किशोरकुमार त्या कॉलेजचे विद्यार्थी होते, हे आपण पाहुण्यांना हटकून सांगतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील मंडळी तेथे शिकली. परंतु कॉलेजातले ख्रिस्ती प्राध्यापक वेगळे आणि ख्रिस्ती मराठी घर वेगळे. ज्या घरात अभंग म्हटले जातात, पुरणपोळी होते, कोकणस्थी नाकाच्या उच्चारात भांडणे होतात आणि संध्याकाळी येशूची प्रार्थना होते, असे घर आम्हांला प्रथम दिसले ते लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात. राजेंद्र नगरातील वाचणाऱ्या घरांत हे पुस्तक एकाने घेतले आणि दहांनी वाचले, अशा रीतीने फिरत राहिले. पुढे विजया मेहता यांनी त्यावर केलेला चित्रपट आणि त्यातील सुहास जोशी यांच्या लक्ष्मीबाई अनेकांच्या स्मरणात असतील.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. १८८० मध्ये त्यांचे लग्न नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले हिच्याशी झाले. सासरी ती लक्ष्मी झाली. नवरा बुद्धीने तल्लख, कविता झरझर करणारा, वक्तृत्व उत्तम, पण पाय एका जागी न ठरणारा. आज येथे शिक्षक, उद्या तेथे कीर्तनकार, परवा कुठे आहे याचा घरी पत्ता नाही. नागपुरास आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने काही काळ स्थैर्य आले. संस्कृत ग्रंथांवर काम झाले. आणि मग १८९३ साली, आपल्या पूर्वजांनी जशी इंदूर-देवास-धारची वाट धरली तशीच, टिळकांनी राजनांदगाव संस्थानाची वाट धरली.

त्या प्रवासातील प्रसंग प्रसिद्ध आहे. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, बोलणे निघाले, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत देऊन, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्या गृहस्थांचे नाव कोणालाच कळले नाही. टिळकांनी पुस्तक वाचायचे म्हणून वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताचा हिशेब जुळला. पण आम्हांस त्या योगायोगापेक्षा दुसरी गोष्ट अधिक विचारात घेण्याजोगी वाटते. ती अशी की, हा निर्णय त्यांनी पत्नीला विश्वासात न घेता केला.

येथे क्षणभर थांबावयास हवे. दयाळू माणसाचे चरित्र लिहिताना त्याच्या दयेची किंमत कोणी मोजली हा हिशेब लिहिणारे बहुधा टाळतात. लक्ष्मीबाईंनी तो टाळला नाही. लहानग्या दत्तूला घेऊन त्या पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून दुरावलेला, धर्म बाटलेला, समाजाची बोटे रोखलेली. ही ताटातूट काही वर्षे चालली. टिळक पत्रे लिहीत, येऊन भेटत, समजूत घालीत, रागावत आणि पुन्हा विनवीत. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरला (आता अहिल्यानगर, आणि आपल्या अहिल्याबाई त्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या) त्यांच्याकडे गेल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे, संसारासाठी. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. आणि टिळकांनी हे सारे चालू दिले. आमच्या मते टिळकांच्या ख्रिस्ती श्रद्धेची खरी परीक्षा बाप्तिस्म्याच्या दिवशी नव्हे, तर या वेगळ्या चुलीपाशी झाली. ज्या माणसाला एखाद्या मताचा इतका ध्यास लागला आहे, त्याने घरातल्याच माणसाला त्याच्या गतीने चालू देणे सोपे नसते. संतापी स्वभावाच्या टिळकांना तर नाहीच.

लक्ष्मीबाईंचे सोवळेही साधे नव्हते. त्यांच्या पुस्तकाचा आरंभच एका आजोबांपासून होतो. त्यांच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचा असा ध्यास लागला की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घरात घ्यावे. धुतलेल्या मिठाचे काय होते ते सांगावयास नको. त्या घरात वाढलेली ही मुलगी पुढे एका प्रवासात, माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नापाशी स्वतःच्या विचाराने येऊन पोहोचली आणि तिने जातिभेद मनातून काढून टाकला. १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. त्यात टिळकांचा विजय शोधणारे शोधोत. पुस्तक वाचताना आम्हांला तरी तो लक्ष्मीबाईंचा स्वतःचा निर्णय वाटतो.

दयाळूपणाच्या गोष्टी आता सांगाव्या. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या माळव्यानेही सोसला. जुनी माणसे त्याला 'छप्पनचा काळ' म्हणत, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. त्या काळात नगर भागात मिशनने अनाथ मुले सांभाळली आणि टिळकांच्या घरीही अशा मुलांचा राबता सुरू झाला तो कधी थांबला नाही. कोणाची मुलगी, कोणाचा भाऊ, कोणी विद्यार्थी, कोणी कवी. नकुशी नावाची एक मुलगी या घरात वाढली. हे नाव आपल्याकडे कोणत्या मुलीला ठेवतात हे वाचकांस ठाऊक आहे. नको असलेली म्हणून जन्मलेल्या त्या मुलीला या घराने हवीशी केले. प्लेगच्या साथीत लोक आपल्या माणसांजवळ जावयास भीत, तेव्हा हे दांपत्य छावणीत रोग्यांची सेवा करीत होते.

पैशाच्या बाबतीत टिळकांचे औदार्य मात्र घरधनिणीच्या दृष्टीने एक संकटच होते. हाती आलेले कोणास दिले जाईल याचा नेम नसे. बाजारात सामान आणावयास गेलेला नवरा भलतेच काही घेऊन येई, किंवा रिकाम्या हाताने येऊन भेटलेल्या गरजू माणसाची कथा सांगे. लक्ष्मीबाई हे प्रसंग अशा विनोदाने सांगतात की आपण हसतो, आणि हसून झाल्यावर त्या दिवशी घरी काय शिजले असेल असा विचार मनात येतो. आमच्या आजोबांपैकी कित्येकांच्या औदार्याच्या कथा आम्ही अभिमानाने सांगतो. आमच्या आज्यांनी त्या कशा सांगितल्या असत्या, हे त्यांना कोणी विचारले नाही.

त्या घराने मराठी कवितेला एक मोठे देणे दिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी या मुलाला जवळ केले आणि तो नगरला त्यांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले. हिंदू घरातला मुलगा ख्रिस्ती घरात राहिला आणि हिंदूच राहिला. या घरात कोणाच्या विश्वासावर बळजबरी नव्हती याला याहून वेगळा दाखला नको. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला.

टिळकांची श्रद्धा कोठे रुजली होती हे सांगितल्यावाचून त्यांचा दयाळूपणा नीट कळणार नाही. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हे केवळ बोलणे नव्हते. मराठी ख्रिस्ती उपासनेत तोवर इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते म्हटली जात. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन देवळात आणले. त्यांची गीते आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत गायिली जातात. 'ज्ञानोदय' या १८४२ पासून चालत आलेल्या पत्राच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. ख्रिस्ती झाल्याने आपण परके झालो ही कल्पनाच त्यांना असह्य होती. मिशनरींशी त्यांचे प्रेम होते आणि खटकेही उडत, कारण हिंदी ख्रिस्ती मनुष्याने परक्या पगारावर आणि परक्या रीतीवर जगावे हे त्यांना मान्य नव्हते.

१९१७ साली इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि भगवी वस्त्रे धारण करून ते ख्रिस्ती संन्यासी झाले. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे सारखीच जागा होती. त्या काळी हे विधान दोन्ही बाजूंना झोंबणारे होते. दरबाराला आयुष्य फार लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले आणि रक्षा नगरला नेण्यात आली.

आता आठवणीची गोष्ट. वडिलांचे चरित्र लिहावे असे देवदत्तांच्या, म्हणजे त्या पंढरपुरात वाढलेल्या दत्तूच्या, मनात होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई लिहावयास बसली आणि पतीच्या चरित्राची साधने देता देता मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहून गेली. 'संजीवनी'त ते लेख आले आणि १९३४ पासून पुस्तकाचे भाग निघू लागले. पुस्तकाच्या अखेरच्या भागात हे कुटुंब कराचीस आहे. नोकरीनिमित्त दूर जाऊन तेथे मराठी घर मांडणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. भा. रा. तांबे देवास-ग्वाल्हेरकडे बसून मराठी कविता लिहीत होते, त्याच सुमाराची ही हकिकत.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले होते. त्याचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. नवऱ्याच्या ज्या ध्यासाने आपला संसार उधळला, त्याच ध्यासाचे काम उतारवयात हाती घेणे, याला काय म्हणावे? आम्हांला येथे पातिव्रत्य हा शब्द अपुरा वाटतो. तिने ते काव्य आपल्या श्रद्धेने लिहिले, केवळ पतीच्या शब्दाखातर नव्हे.

तिसऱ्या पिढीत नातू अशोक देवदत्त टिळक यांनी हे काम घेतले. त्यांनी 'स्मृतिचित्रे'ची टीपांसह साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. आजी लिहिताना जेथे वर्ष विसरली, व्यक्तीचे नाव गाळून गेली, तेथे नातवाने शोध घेऊन ते भरून काढले. आजोबांचे थोरपण सांगताना आजीने लिहिलेले त्यांचे दोष गाळून टाकण्याचा मोह त्याला सहज होऊ शकला असता. तो त्याने आवरला. आजोबांचा संताप, विसराळूपणा, पत्नीला न सांगता घेतलेला तो निर्णय, सारे जसेच्या तसे छापले आहे, आणि तरीही वाचून झाल्यावर आजोबांविषयी प्रेमच वाटते. पुढे २०१७ मध्ये शांता गोखले यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा मराठी नातवंडांचीही सोय झाली. राजेंद्र नगरात अशी नातवंडे आता घरोघरी आहेत. बोलतात मराठी, वाचतात हिंदी आणि इंग्रजी.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, तेव्हा एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कसा, म्हणून काही ठिकाणी कुरकुर झाली. आमच्या वाचनमंडळातील एका ज्येष्ठ बाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी कपाटातून 'स्मृतिचित्रे' काढले, त्यातले नगरच्या घरातले, एकाच छपराखालच्या दोन चुलींचे प्रकरण उघडले आणि चष्मा लावून मोठ्याने वाचावयास सुरुवात केली.