युबिक्विटिन लायगेज व प्रतिकारशक्तीचे नियमन

युबिक्विटिन लायगेज ही पेशीतील निवडक प्रथिनांना युबिक्विटिन जोडणारी एंझाइमे होत. युबिक्विटिन हे स्वतः अवघ्या ७६ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ई१ एंझाइम एटीपीची ऊर्जा वापरून ते सक्रिय करते, ई२ ते पुढे नेते आणि ई३, म्हणजेच लायगेज, ते लक्ष्य प्रथिनावर बसवते. मानवात ई१ दोनच, ई३ मात्र ६०० हून अधिक. खूण कोणावर पडायची हे मुख्यतः ई३ ठरवते. या यंत्रणेद्वारे होणाऱ्या प्रथिननाशाच्या शोधासाठी ॲरन चेखानोव्हर, अव्राम हर्श्को व अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

युबिक्विटिनची साखळी कशी गुंफली आहे, यावर खुणेचा अर्थ अवलंबून असतो. ४८ व्या लायसीनमधून गुंफलेली साखळी प्रथिनाला प्रोटिएसोमकडे, म्हणजे नाशाकडे नेते. ६३ व्या लायसीनमधून गुंफलेली बहुधा संदेशवहनाला आधार देते. जंतूची चाहूल लागल्यावर पेशी या दोन्ही वापरते. टोल-सदृश ग्राही चेतले की ट्राफ६ हे लायगेज दुसऱ्या प्रकारच्या साखळ्या उभारते व त्यांवर आयकेके हा एंझाइमसमूह सक्रिय होतो. तो आयकप्पाबी या रोधक प्रथिनाला फॉस्फेट जोडतो. मग बीटा-टीआरसीपी असलेले लायगेज त्याच रोधकावर नाशाची खूण करते. रोधक नष्ट झाला की त्याने अडवून धरलेले एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि दाहाची जनुके जागी होतात.

प्रतिसाद आवरण्याचे काम याहून कमी महत्त्वाचे नाही. सीबीएल-बी हे लायगेज टी-पेशींना सीडी२८ या ग्राहीचा दुजोरा मिळाल्याखेरीज सहजी चेतू देत नाही. ते नसलेल्या उंदरांत ही अट सैल होते आणि स्वप्रतिकार उद्भवतो. ‘इच’ या लायगेजचे नावच रोगलक्षणावरून पडले आहे. त्याचे जनुक बिघडलेले उंदीर अंग सतत खाजवतात, त्यांच्या त्वचेला व फुफ्फुसांना दाह होतो. इच एरवी जुनबी हे प्रथिन मोडीत काढते. ते साचले की टी-पेशी ॲलर्जीकडे झुकणाऱ्या टीएच२ प्रकारात वळतात. माणसातही हे खरे ठरले. २०१० मध्ये अमेरिकेतील आमिश समाजातील काही मुलांत याच जनुकाचा दोष व अनेक अवयवांना ग्रासणारा स्वप्रतिकार रोग आढळला.

विषाणूंनीही ही यंत्रणा वेठीस धरली आहे. एचआयव्हीचे व्हिफ प्रथिन पेशीचेच कलिन-५ लायगेज वापरून अपोबेक३जी या विषाणूरोधी प्रथिनाचा नाश घडवते.

औषधेही लायगेजचे लक्ष्य बदलू शकतात. मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरील लेनॅलिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटते. त्यामुळे सेरेब्लॉन ज्या लायगेजचा भाग आहे ते इकारॉस व आयोलॉस या प्रथिनांवर नाशाची खूण करू लागते. मायलोमाच्या पेशी त्यांवर अवलंबून असल्याने मरतात, तर टी-पेशींत इंटरल्युकिन-२ च्या जनुकावरील दाब उठून त्याची निर्मिती वाढते.