अप्पांची सायकल, बोल्टनची मोटर आणि तुमच्या मोबाईलची बॅटरी

आजचा एपिसोड जिंतूरहून, आमच्या घरच्या अंगणातून. मागे खडखड ऐकू येतेय ना, ती अप्पांची सायकल.

अप्पा सत्तरीला आलेत. आमचं शेत नेमगिरीच्या बाजूला, वाटेत चढ. रोज सायकलवर जायचे. यंदा गुडघ्यानं दगा दिला. मोटरसायकल त्यांना नको. शेत बटईनं देऊन टाकावं, इथपर्यंत बोलणं आलं. मग मी इलेक्ट्रिक किट मागवलं: हब मोटर बसवलेलं मागचं चाक, कंट्रोलर, थ्रॉटल आणि ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी.

अप्पा म्हणाले, "काय करायलास रे? चांगल्या सायकलीची वाट लावायलास का?"

पहिल्या दिवशी खरंच लागली. थ्रॉटल पिळला आणि चाकाऐवजी मोटरचा एक्सलच फिरला. पीळ बसून वायर तुटली. चूक माझीच. हब मोटरमध्ये एक्सल जागेवर राहतो आणि त्याच्याभोवती चाक फिरतं. मोटर चाकाला जेवढ्या जोरानं पुढं फिरवते, तेवढ्याच जोरानं एक्सलला उलटं पिळते. तो पीळ कुणीतरी धरायला हवा. मी नुसते नट आवळले होते.

रात्री शोधत बसलो, की ही भानगड काढली कुणी? तर थेट १८९५! अमेरिकेतल्या ऑग्डेन बोल्टन याला ३१ डिसेंबर १८९५ रोजी इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट मिळालं. चित्र बघितलं आणि उडालोच. मोटर मागच्या चाकाच्या मधोमध, बॅटरी फ्रेमच्या तिकोनात. अगदी आपल्या किटसारखं! १० व्होल्टची बॅटरी, १०० अँपिअरपर्यंत करंट.

मग ही सायकल इतकी वर्षं गेली कुठं? अडलं बॅटरीपाशी. हिशोब करा. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. तेवढी वीज शिशाच्या बॅटरीत साठवायची तर साधारण दहा-बारा किलो ओझं. लिथियममध्ये तीनेक किलो. मधल्या काळात पेट्रोलनं बाजी मारली. आपल्याकडं १९७२ मध्ये लुना आली. तिलाही पेडल होतंच, पण जोडीला इंजिन.

तरी प्रयत्न थांबले नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथं २००० च्या आसपास डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा सुधारली, तिला मोटरची जोड दिली, शिवाय 'इलेक्शा' नावाची विजेवरची रिक्षा बनवली. रिक्षा ओढणाऱ्याचे श्रम कमी व्हावेत, हा हेतू. पण तेव्हा हाताशी होती ती शिशाचीच बॅटरी.

लिथियम-आयन बॅटरी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, ती छोट्या उपकरणांसाठी. पुढं लॅपटॉप आणि मोबाईल कोट्यवधींनी खपले, तशी ती स्वस्त होत गेली. म्हणजे तुम्ही ज्या फोनवर मला ऐकताय, त्याच्यामुळंच अप्पांची सायकल परवडली!

आता दुसरा प्रयत्न. वायर सोल्डर केली. एक जाड लोखंडी पट्टी घेतली, तिला टॉर्क आर्म म्हणतात. तिची खाच एक्सलच्या चपट्या भागावर घट्ट बसवली आणि दुसरं टोक फ्रेमला क्लॅम्पनं आवळलं. वायर एक्सलमधून निघते तिथं खाली झोल ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी आत न जाता तिथूनच गळून पडतं.

मोटर मुद्दाम २५० वॅटचीच घेतली. कमी ताकदीच्या आणि कमी वेगाच्या सायकलीला ठरावीक अटींवर लायसन्स-नोंदणीतून सूट मिळते. जास्त ताकदीची घ्याल तर कायद्यानं ती मोटरगाडी होते.

काल अप्पा चढावर न उतरता शेतात जाऊन आले. सायकल टेकवत म्हणाले, "पेडल तर मारावंच लागतंय की!" बटईचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. मीही नाही काढला.

तुम्ही किट बसवणार असाल, तर आधी एक्सल नीट धरा, मगच थ्रॉटल पिळा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!