राहाता : आधी गटार, मग डांबर

लहान शहराच्या रस्त्यांची बाराही महिन्यांची देखभाल

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता हे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील शहर. या भागात वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात एवढा पाऊस एकट्या जुलैच्या पंधरवड्यात होतो. असे असूनही खड्ड्यांची तक्रार कोकणाइतकीच या अवर्षणप्रवण पट्ट्यातही ऐकू येते. याचे कारण पावसाच्या आकड्यात सापडत नाही. रस्त्यावर पडलेले पाणी किती वेळ तेथे थांबले, यावर त्या रस्त्याचे आयुष्य ठरते. म्हणूनच लहान शहरातील रस्त्यांची देखभाल ही मुख्यतः पाण्याच्या निचऱ्याची देखभाल असते. डांबराचा क्रम त्यानंतरचा आहे. प्रत्यक्षात मात्र निधी आणि लक्ष दोन्ही आधी डांबराकडे जातात आणि गटाराची आठवण पहिल्या जोरदार सरीनंतर होते.

शहराची ठेवण

राहाता तालुक्याची निर्मिती १९९९ मध्ये झाली. जनगणनेत ‘राहाता पिंपळस’ या नावाने नोंदले जाणारे हे शहर नगर-मनमाड रस्त्यावर वसलेले आहे. नगरहून निघालेला प्रवासी राहुरी, कोल्हार, बाभळेश्वर ओलांडून येथे पोचतो. पुढे साकुरी आणि शिर्डी अवघ्या काही किलोमीटर अंतरावर आहेत. उत्तर आणि दक्षिण भारताला जोडणारी अवजड मालवाहतूक, शिर्डीला जाणारे भाविक, बाजार समितीत येणारा कांदा, डाळिंब आणि येथील प्रसिद्ध पेरू, शाळकरी मुले आणि भाजीविक्रेते या सर्वांचा भार या एकाच रस्त्यावर पडतो. लांब पल्ल्याच्या वाहनांना तो महामार्ग वाटतो, तर गावाच्या दृष्टीने ती बाजारपेठ असते. दोन्हींच्या गरजा वेगळ्या असल्याने देखभालीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.

शिर्डीचे रामनवमी, गुरुपौर्णिमा व विजयादशमी हे तीन प्रमुख उत्सव या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. त्यांपैकी गुरुपौर्णिमा ऐन पावसाळ्यात येते आणि विजयादशमी परतीच्या पावसाच्या सुमारास. नगरमार्गे पायी येणाऱ्या पालख्यांना राहाता शहरातूनच पुढे जावे लागते. पदयात्री रस्त्याच्या साइडपट्टीने चालतो. साइडपट्टी खचलेली किंवा चिखलाने भरलेली असेल, तर तो नाइलाजाने डांबरावर, म्हणजेच मालमोटारींच्या वाटेत येतो. साइडपट्टीवर वेळेवर टाकलेला आणि दाबलेला मुरूम हे त्यामुळे जीविताच्या रक्षणाचे काम ठरते.

काळी माती, कालवा आणि ऊस

हा परिसर गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या व प्रवरेच्या कालव्यांच्या लाभक्षेत्राचा आहे. कालव्याने येथे बागायत आणली आणि बागायतीबरोबर ऊस आला. सहकारी साखर कारखानदारीत मान्यता पावलेला प्रवरानगरचा कारखाना याच तालुक्यातील लोणी परिसरात आहे. ही समृद्धी ज्या काळ्या कापशी मातीवर उभी आहे, तीच माती रस्त्याची मात्र शत्रू ठरते. पाणी मिळाले की ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर्षातून एकदा फुगणाऱ्या व एकदा आकसणाऱ्या मातीवर पातळ डांबरी थर टिकत नाही. अशा जमिनीवर रस्ता करताना खाली मुरमाचा जाड, दाबून बसवलेला थर असावा लागतो. कडेचे पाणी पायात मुरू न देणे ही त्याहून मोठी गरज असते. पाऊस कमी असला तरी कालव्याचे आवर्तन, शेजारच्या शेतातील पाट आणि गळकी जलवाहिनी हेही रस्त्याचा पाया भिजवतात. त्यासाठी आभाळाकडे पाहण्याची गरज नसते.

त्यावर ऊसवाहतुकीचा भार पडतो. गाळप हंगाम साधारणपणे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पावसाने पाया ओला झालेला असतानाच दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीतून एक नियम पुढे आला आणि तो आजही जगभर आधार म्हणून वापरला जातो. रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आसावरील भार दुप्पट झाला, तर झीज साधारण सोळापट होते. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली एक ट्रॉली किती मोटारींइतके नुकसान करते, याचा अंदाज यावरून यावा.

वर्षाचे वेळापत्रक

रस्त्यांच्या देखभालीचे वर्ष खऱ्या अर्थाने फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू व्हायला हवे. या काळात प्रत्येक रस्त्याची पायी पाहणी करून भेगा, खचलेल्या कडा, तुटलेले ढापे आणि तुंबणाऱ्या मोऱ्या यांची यादी करणे अपेक्षित असते. पाणी कोठे साचते हे मात्र उन्हाळ्यात दिसत नाही. ती नोंद मागील पावसाळ्यातच केलेली असावी लागते. भर पावसात छत्री घेऊन केलेली एक फेरी उन्हाळ्यातील दहा बैठकांपेक्षा अधिक उपयोगाची ठरते.

एप्रिल आणि मे हे गटारे, नाले व मोऱ्यांच्या सफाईचे महिने. काढलेला गाळ काठावरच वाळत ठेवण्याची पद्धत सर्वत्र आढळते. पहिल्याच पावसात तो पुन्हा गटारात उतरतो आणि सफाईचा खर्च वाया जातो. गाळ त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उचलण्याची अट कामाच्या आदेशातच असणे इष्ट होय. याच महिन्यांत डांबरी रस्त्यांच्या भेगा भरणे, काँक्रीट रस्त्यांचे सांधे बंद करणे आणि साइडपट्ट्यांना बाहेरच्या बाजूने उतार देणे ही कामे पूर्ण व्हायला हवीत. एकदा भेगेतून पाणी खाली गेले, की खड्डा पडणे ही केवळ दिवसांची बाब उरते.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते, म्हणून मेअखेर ही कामांची मुदत मानण्याचा प्रघात आहे. या प्रघाताचा फेरविचार आवश्यक झाला आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि त्याआधी राज्याच्या अनेक भागांत अवकाळी सरी कोसळल्या होत्या. मेअखेरची मुदत धरून बसलेल्या यंत्रणांची गटारे त्या वेळी अर्धवटच साफ झालेली होती. लहान शहरांसाठी आता १५ मे ही तारीख अधिक सुरक्षित ठरेल.

जून ते सप्टेंबर या काळात गरम डांबराची कामे बंद ठेवावी लागतात, कारण ओल्या पृष्ठभागावर डांबर चिकटत नाही. या पट्ट्यात जून-जुलै अनेकदा कोरडे जातात आणि खरा पाऊस सप्टेंबरमध्ये, उत्तरा-हस्त नक्षत्रांत पडतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये गटारांची दुसरी सफाई येथे विशेष गरजेची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डांबराची मुख्य कामे सुरू होतात. तेव्हा उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येण्याआधी प्रमुख मार्गांची दुरुस्ती उरकण्याची घाई असते.

खड्डा बुजवण्याची रीत

भारतीय रस्ते महासभेने (इंडियन रोड्स काँग्रेस) डांबरी रस्त्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र संहिता तयार केली असून ती ‘आयआरसी ८२’ या क्रमांकाने ओळखली जाते. या संस्थेच्या उभारणीला एका मराठी माणसाचा हातभार लागलेला आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून देशातील रस्तेविकासाला दिशा मिळाली आणि १९३४ मध्ये ही महासभा स्थापन झाली.

खड्डा बुजवण्याची शास्त्रीय रीत साधी आहे. खड्ड्याच्या वेड्यावाकड्या कडा कापून त्याला चौकोनी आकार द्यावा व बाजू उभ्या ठेवाव्यात. आतील पाणी, माती व सुटी खडी काढावी. तळाला व बाजूंना पातळ डांबराचा हात द्यावा. मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबावा आणि शेवटचा थर रस्त्याच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवावा, म्हणजे वाहतुकीने तो समपातळीवर येतो. खड्ड्यात पाणी असतानाच वरून खडी-मुरूम ओतला, तर चार दिवसांत तो उखडून दुचाकीस्वारांच्या चाकाखाली येतो. पावसाळ्यात तातडीची गरज भासल्यास पिशवीबंद शीत मिश्रण वापरता येते. त्याचा दर जास्त असला तरी एकाच खड्ड्यावर तीनदा खर्च करण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार असावा लागतो, म्हणजे दर मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर. वारंवार थरावर थर चढवल्याने हा उतार बिघडतो. शिवाय रस्ता उंच होऊन जुन्या घरांचे उंबरे खाली जातात आणि पावसाचे पाणी घरात शिरते. नवा थर देण्यापूर्वी जुना थर खरवडून काढण्याची अट म्हणूनच महत्त्वाची आहे. रस्ता पूर्ण झाल्यावर जलवाहिनीसाठी तो खोदणे हा आणखी एक नेहमीचा प्रकार. चर मातीने बुजवला की तो पावसाळ्यात खचतोच. त्यामुळे आधी भूमिगत कामे आणि मग रस्ता, हा क्रम पाळला गेला पाहिजे.

ढाप्यावरचा पदपथ

मोठ्या शहरांत पदपथ स्वतंत्र बांधलेला असतो. राहाता किंवा तत्सम शहरांत मात्र गटारावरील ढापा हाच अनेकदा पदपथ असतो. दुकानाच्या पायऱ्या, ओटे किंवा फरशी या ढाप्यांवर पक्की बसवली, की दोन गोष्टी एकदम घडतात. पादचारी रस्त्यावर ढकलला जातो आणि खालचे गटार साफ करण्याची वाट बंद होते. पाणी रस्त्यावर येते, रस्ता उखडतो आणि त्याच दुकानासमोर ग्राहकाला चिखल तुडवावा लागतो. ठराविक अंतरावर उचलता येतील असे सुटे ढापे बसवणे आणि ते मोकळे ठेवणे हा यावरचा स्वस्त उपाय आहे.

पादचारी सुविधांविषयीच्या ‘आयआरसी १०३’ या मार्गदर्शिकेनुसार पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. वृद्ध आणि अपंग व्यक्तींना चढता येणार नाही असा उंच पदपथ केवळ शोभेचा ठरतो. पथविक्रेत्यांना हटवणे हा यावरील सोपा वाटणारा मार्ग असला, तरी २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले आहे. त्यांच्यासाठी निश्चित जागा आखून देणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे.

जबाबदारी कोणाची?

लहान शहरातील तक्रारदाराची सर्वांत मोठी अडचण म्हणजे रस्ता कोणाचा हेच ठाऊक नसणे. शहरांतर्गत रस्ते नगरपरिषदेकडे, राज्य व जिल्हा मार्ग सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गांची यंत्रणा वेगळी आहे. शहरातून जाणारा नगर-शिर्डी मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६० चा भाग आहे. महामार्गावरील पाणी नगरपरिषदेच्या गटारात आणि नगरपरिषदेचे पाणी महामार्गाच्या मोरीत जाते. या जोडणीची सफाई कोणी करायची हे लेखी ठरलेले नसेल, तर दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात. पावसाळ्यापूर्वी दोन्ही यंत्रणांची संयुक्त पाहणी आणि तिचे लेखी इतिवृत्त एवढ्यानेही हा वाद बराच मिटू शकतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ अन्वये सार्वजनिक रस्ते व गटारे बांधणे आणि सुस्थितीत राखणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. सुस्थितीतील रस्ते व पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. पदपथाच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये तशीच भूमिका घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश न्यायालयाने दिले. खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत बुजवण्याचे बंधनही घालण्यात आले.

या आदेशांचा लाभ घेण्यासाठी नागरिकांची तक्रार लेखी असणे, तिच्यावर पोच घेतलेली असणे आणि सोबत ठिकाण व तारखेसह छायाचित्र असणे आवश्यक आहे. कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी संपलेला नसेल, तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची असते. तो कालावधी आणि कामाच्या मोजमाप पुस्तकातील नोंदी माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. प्रत्येक नव्या रस्त्यालगत कामाचा खर्च, पूर्ततेची तारीख आणि दोषदायित्वाची मुदत दर्शवणारा फलक असल्यास हा अर्ज करण्याचीही वेळ येणार नाही.

नव्या रस्त्याच्या उद्घाटनाचा नारळ फुटतो, तसा गटारसफाईचा फुटत नाही. मात्र पुढच्या सप्टेंबरात हस्ताचा पाऊस कोसळेल, तेव्हा शाळेतून घरी निघालेल्या मुलाला चालायला कोरडी कड मिळेल की नाही, हे एप्रिल-मेमध्ये उचललेल्या ढाप्यांवरच अवलंबून असेल.