शरणपूरने दिलेले बळ

सिन्नर आणि नाशिकचा इतिहास सांगताना आपण यादवांपासून सुरुवात करतो, सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिरापाशी रेंगाळतो आणि तिथून गोदाकाठच्या तीर्थाकडे वळतो. सिन्नरहून सुमारे तीस किलोमीटरवरचे शरणपूर या कथनात कुठेच येत नाही. आज बहुतेकांना ते नाशिकमधल्या एका रस्त्याच्या नावापुरतेच ठाऊक आहे. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. चर्च, शाळा, अनाथाश्रम आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवण्याची सोय असे तिचे स्वरूप होते. पुढे तिथे आफ्रिकी मुलेही आली. हिंदी महासागरात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतून सुटलेली मुले मुंबईला उतरवली जात. आईवडील, गाव, भाषा सारे हरवलेल्या या मुलांपैकी काहींना शरणपूरने आसरा दिला. दुःखाने मोडलेल्या माणसाला श्रद्धा उभे करते, हे विधान आपण सहज करतो. ती त्याला कशाच्या आधारे उभे करते, हे शरणपूरच्या इतिहासातून कळते. एकत्र प्रार्थना, एकत्र काम आणि आपल्यासारख्याच पोरक्या माणसांशी जुळलेले नाते हा तो आधार होता.

या बळाची पहिली परीक्षा दूर आफ्रिकेत झाली. 1865 मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारा प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि पुढच्या प्रवासासाठी त्याने इथली काही आफ्रिकी मुले सोबत घेतली. 1872 मध्ये शरणपूरची आणखी मुले त्याच्या तुकडीत गेली. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. 1 मे 1873 च्या सुमारास चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. त्याचे हृदय तिथेच पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली. त्यानंतर लिव्हिंगस्टनचे जुने सोबती सूसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली तुकडीने मृतदेह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेला. वाटेत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने देह तिथेच पुरण्याचा सल्ला दिला, तोही त्यांनी मानला नाही. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत वेनराइट होता.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की अनाथ मुलाला निवड नव्हती. अन्न आणि छप्पर ज्यांनी दिले त्यांचाच धर्म त्याच्या वाट्याला आला, जुने नावही गेले. हे खरे आहे आणि मिशनच्या सत्तेचा हिशेब मांडताना ते वगळता येणार नाही. पण पोटासाठी धरलेला धर्म अन्न मिळते तोवर टिकतो. मिशनची भिंत मागे पडल्यावर, अनोळखी मुलुखात, मरणाच्या क्षणी प्रार्थना कोणी वाचायची हे ठरवताना तो कामी येत नाही. दुसरा आक्षेप असा, की ही सारी गोऱ्या धन्यावरची निष्ठा होती. त्याचे उत्तर मोंबासाजवळच्या रबाईत मिळते. शरणपूरमध्ये शिकलेले विल्यम जोन्स तिथल्या ख्रिस्ती वस्तीचे काम पाहत होते. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना तिथे थारा मिळत असे. त्यामुळे गुलामांचे मालक खवळले आणि मिशनचे वरिष्ठही अडचणीत आले, तरी थारा देणे थांबले नाही. 1 जानेवारी 1889 रोजी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देण्याचे मान्य करून अशा सुमारे 1,400 जणांना मुक्त केले. इथे धन्याची आज्ञा पाळण्याचा प्रश्नच नव्हता; धन्याला नको असलेले काम नेटाने चालवायचे होते.

म्हणून शरणपूरचे मोल तिथे किती जणांचा बाप्तिस्मा झाला यावर ठरवू नये. ज्याला आसरा मिळाला त्याला दुसऱ्याला आसरा देण्याची ताकद आली का, ही खरी कसोटी आहे आणि रबाईने तिचे उत्तर दिले आहे. 1875 मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवले, तेव्हा शरणपूरच्या घडणीत तयार झालेली कुटुंबेच तिथल्या समाजाचा कणा बनली. नाशिक जिल्ह्यातल्या ख्रिस्ती समाजाचा हा वारसा साऱ्या जिल्ह्याचाही आहे. यादवांच्या राजधानीचा अभिमान जिथे शिकवला जातो, त्या सिन्नरच्या शाळांतही तो शिकवला गेला पाहिजे. पोरक्या मुलांना पायांवर उभे करणारी वस्ती हा कोणत्याही भूमीच्या इतिहासातला राजधानीइतकाच मानाचा अध्याय असतो.